भीतीचे मोजमाप

गेल्या दिवाळीत चार दिवस शहाद्याला होतो. संध्याकाळची वेळ, ओट्यावर गप्पा चाललेल्या. शेजारच्या घरातील नववीत शिकणारी मुलगी हातात मोबाइल घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहून तिने विचारले, "आजोबा, आपल्या अंगातून कृष्णविवर आरपार जाऊ शकतं का?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. पोरीचा चेहरा उतरला होता. मोबाइलवर तिने नुकतीच एक चित्रफीत पाहिली होती. पाठीमागे धडकी भरवणारे संगीत, पडद्यावर पोखरली जाणारी पृथ्वी आणि निवेदकाचा घोगरा आवाज : अणूपेक्षाही लहान, पण डोंगराएवढी जड कृष्णविवरे अंतराळात फिरत आहेत, ती कोणत्याही क्षणी तुमच्या घरातून, तुमच्या शरीरातून जाऊ शकतात, आणि शास्त्रज्ञांनीच हे मान्य केले आहे!

"पोरीले घाबरावू नका, भाऊ," तिची आजी आतून म्हणाली. पण पोर आधीच घाबरलेली होती, आणि नुसते 'काही होत नाही गं' म्हणून तिचे समाधान होण्यासारखे नव्हते. मी शास्त्रज्ञ नाही. उमेदीची सारी वर्षे बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. परंतु कर्जाच्या फायलीने एक गोष्ट अंगवळणी पाडली आहे. 'पैसे बुडू शकतात का?' या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी 'हो' असेच असते. म्हणून तो प्रश्न निरुपयोगी. खरा प्रश्न 'बुडण्याची शक्यता किती, आणि बुडाले तर किती?' हा. मुलीच्या प्रश्नाला मी त्याच वाटेने भिडायचे ठरवले. घरी परतल्यावर त्याविषयी जे वाचले, समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

विश्वाच्या पहिल्या क्षणाची अपत्ये

कृष्णविवर हा शब्द मराठी घरांत रुळला त्याला आता पन्नास वर्षे झाली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' याच नावाच्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे टोपणनाव घेतले होते. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले, पण त्यांच्या लेखांतून आणि कथांतून एका पिढीला कळले की कृष्णविवर म्हणजे इतके दाटून गेलेले वस्तुमान, की त्याच्या गुरुत्वाकर्षणातून प्रकाशही सुटू शकत नाही.

आपण सहसा ऐकतो ती कृष्णविवरे मोठ्या ताऱ्यांच्या मरणातून जन्मतात. ती सूर्याच्या काही पट जड असतात आणि आपल्यापासून फार दूर असतात. मुलीच्या मोबाइलमधील कृष्णविवरे वेगळी. त्यांना 'आदिम कृष्णविवरे' म्हणतात. विश्वाच्या पहिल्या सेकंदाच्याही लहानशा अंशात सगळा पदार्थ कमालीचा दाटीवाटीने होता. त्यात कुठे जरा अधिक गर्दी झाली असेल, तर तेवढा भाग जागच्या जागी कोसळून त्याचे कृष्णविवर झाले असेल. रशियाच्या झेल्दोविच आणि नोविकोव्ह यांनी १९६०च्या दशकात ही शक्यता मांडली आणि १९७१ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी तिचा पाठपुरावा केला. ही कृष्णविवरे ताऱ्यांतून झालेली नसल्याने त्यांना ताऱ्याएवढे जड असण्याचे बंधन नाही. ती डोंगराएवढी, लघुग्रहाएवढी किंवा चंद्राएवढी जड असू शकतात.

आकाराचा अंदाज यावा म्हणून सांगतो. आपली सबंध पृथ्वी दाबून तिचे कृष्णविवर करायचे झाले, तर ती पोरांच्या खेळातील गोटीएवढी होईल. पन्नास कोटी टनांचा डोंगर तसाच दाबला तर तो अणूच्या गाभ्यातील प्रोटॉनएवढा होईल. वजन डोंगराचे, आकार प्रोटॉनचा. चित्रफितीतील 'अणूपेक्षा लहान, डोंगराएवढे जड' हे वर्णन इथवर खरे आहे. फक्त अशी कृष्णविवरे खरोखर आहेत की नाहीत, हे आजवर कुणाला सिद्ध करता आलेले नाही, एवढे चित्रफितीने सांगितले नव्हते.

खुद्द नारळीकरांना महास्फोटाचा सिद्धान्तच मान्य नव्हता. फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांनी आयुष्यभर पर्यायी विश्वरचना मांडली. ज्या महास्फोटात ही आदिम कृष्णविवरे जन्मली असे म्हणतात, त्यावरच ज्याला शंका आहे, तो माणूस आपल्याकडे कृष्णविवराचा सर्वांत मोठा कथेकरी ठरला. विज्ञानात असे मतभेद चालतात. अट एवढीच की प्रत्येकाने आपले गणित पाटीवर मांडले पाहिजे.

उलट्या व्याजाचे खाते

हॉकिंग यांनी १९७४ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. कृष्णविवर फक्त गिळत नाही, ते किंचित झिरपतेही. त्यातून अत्यल्प प्रारण बाहेर पडते आणि तेवढे त्याचे वस्तुमान घटते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे मोठे विचित्र खाते आहे. शिल्लक भरपूर असते तोवर खर्च नगण्य. शिल्लक घटत जाते तसा खर्च वाढत जातो आणि अखेरीस उरलीसुरली रक्कम एका क्षणात उधळली जाते. सूर्याएवढ्या कृष्णविवराला हे खाते रिकामे करायला विश्वाच्या वयाच्या अब्जावधी पट काळ लागेल. पण पन्नास कोटी टनांच्या आसपासचे खाते नेमके आजच्या सुमारास संपत असावे. त्याहून हलकी सारी केव्हाच विरून गेली असणार.

शेवटच्या दशांश सेकंदात बाहेर पडणारी ऊर्जा दहा लाख हायड्रोजन बॉम्बइतकी असेल, असा हॉकिंग यांचा हिशेब होता. हे वाचून धडकी भरते खरी. पण असे स्फोट आपल्या आसपास वारंवार होत असते तर त्यांच्या गॅमा किरणांचा लखलखाट दुर्बिणींना दिसला असता. गेली पाच दशके शोध घेऊनही तो निःसंशयपणे दिसलेला नाही. याचा अर्थ अशी कृष्णविवरे नसतील, किंवा असली तर फार विरळ असतील. हेच हॉकिंग २००१ च्या जानेवारीत मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेने भरवलेल्या परिषदेसाठी आले होते आणि त्यांना पाहायला मोठी गर्दी लोटली होती.

आलाच पाहुणा, तर?

आता मुलीचा मूळ प्रश्न. असे एखादे कृष्णविवर पृथ्वीवर आले तर काय होईल?

पहिली गोष्ट म्हणजे ते इथे मुक्काम करणार नाही. अंतराळातून येणारी अशी वस्तू सेकंदाला सुमारे दोनशे किलोमीटर वेगाने येईल. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला अकरा किलोमीटर पुरतात. म्हणजे हा पाहुणा एका दाराने शिरून मिनिटाभरात दुसऱ्या दाराने निघून जाईल. पृथ्वी आतून पोखरून गिळून टाकायला त्याला वेळच मिळणार नाही.

जाता जाता खुणा मात्र ठेवील. ३० जून १९०८ रोजी सैबेरियातील तुंगुस्का भागात आकाशात प्रचंड स्फोट होऊन सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरवरील जंगल आडवे झाले. तो लहानशा कृष्णविवराचा प्रताप असावा, अशी कल्पना जॅक्सन आणि रायन या दोन शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये 'नेचर' नियतकालिकात मांडली. कल्पना आकर्षक होती. पण मग ते कृष्णविवर पृथ्वी भेदून उत्तर अटलांटिक महासागरातून बाहेर पडायला हवे होते आणि तिथेही तसाच हलकल्लोळ व्हायला हवा होता. तशी कोणतीही नोंद सापडली नाही. कल्पना बाजूला पडली आणि अंतराळातून आलेला धोंडा हवेत फुटला, हेच स्पष्टीकरण टिकले.

पुढे २०१२ मध्ये याच प्रश्नाचा अधिक नेटका हिशेब झाला. प्रिन्स्टनमधील ज्या चमूने तो केला, त्यात श्रवण हनासोगे होते; ते पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. शंभर कोटी टनांचे कृष्णविवर पृथ्वीच्या आरपार गेले, तर सुमारे चार रिश्टरच्या भूकंपाएवढा हादरा बसेल, असे त्यांचे गणित सांगते. साध्या भूकंपाला एक केंद्र असते. इथे हादरा साऱ्या मार्गावर उमटेल, त्यामुळे जगभरच्या भूकंपमापकांवर तो जवळपास एकाच वेळी नोंदला जाईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला हजारो माणसे ज्याने गाडली, तो भूकंप सहाहून अधिक रिश्टरचा होता. त्यातील ऊर्जा या हादऱ्याच्या हजारपटीहून जास्त होती. आणि किल्लारीत माणसे मारली ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि जड माळवदांनी.

माणसाच्या अंगातून गेले तर? अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रॉबर्ट शेरर यांनी २०२५ मध्ये नेमका हाच हिशेब केला आणि मोबाइलवरील चित्रफितीचा उगमही बहुधा तिथेच असावा. त्यांच्या मते सुमारे चौदा हजार कोटी टनांहून जड कृष्णविवर शरीरातून गेले, तर त्याच्या वेगामुळे उठणारी धक्कालाट बंदुकीच्या गोळीसारखी इजा करील. त्याहून हलके असेल तर फारशी इजा होणार नाही. शेरर यांनी याच्यापुढेही एक वाक्य लिहिले होते : असे घडण्याची शक्यता नगण्य आहे. चित्रफितीने नेमके तेवढे वाक्य गाळले.

काळ्या भिंतींची साक्ष

नंदुरबार जिल्ह्यात हिंडलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते. तापीच्या खोऱ्यातून जाताना मधूनच काळ्या दगडाच्या अरुंद, सरळ रांगा दिसतात. कुणी अजस्र हाताने भिंत बांधत जावी तशा. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे पठार लाव्हाने घडत असताना जमिनीला भेगा पडल्या. त्या भेगांत लाव्हा भरून थिजला. पुढे आजूबाजूचा मऊ खडक झिजला आणि या भिंती उघड्या पडल्या. नंदुरबार आणि धुळे परिसरात अशा दोनशेहून अधिक भिंतींची नोंद झाली आहे. सर्वांत लांब भिंत ऐंशी किलोमीटरच्या घरात जाते.

या खडकांचा इथे संबंध असा. दाई आणि स्टोयकोविच या दोन शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये सुचवले की आदिम कृष्णविवराचा माग आकाशात काढतो तसा तो जुन्या दगडांतही काढावा. शंभर कोटी कोटी टनांचे कृष्णविवर घन दगडातून गेले, तर मागे साधारण एक दशांश मायक्रॉनचे सरळ भुयार राहील. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाच्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे सात मायक्रॉनची असते. म्हणजे हे भुयार तिच्याहूनही सत्तरपट बारीक. दगड जितका जुना तितका त्याने अधिक काळ पहारा दिला, म्हणून त्यात भुयार सापडण्याची शक्यता अधिक. सापडण्याची आशा फार थोडी, पण शोधण्याचा खर्चही फार थोडा आणि सापडलेच तर लाभ अमोल, असा त्यांचा युक्तिवाद आहे. कर्ज मंजूर करणाऱ्या माणसाला तो पटण्यासारखा आहे. आपल्या काळ्या भिंतींनी साडेसहा कोटी वर्षे पहारा दिला आहे आणि त्या जागच्या जागी उभ्या आहेत.

ओट्यावरचा हिशेब मी त्या मुलीला वहीत करून दाखवला. विश्वात दिसणाऱ्या पदार्थाच्या पाचपट न दिसणारा पदार्थ आहे. त्याला कृष्णपदार्थ म्हणतात. तो कशाचा आहे हे कळलेले नाही, आणि तो आदिम कृष्णविवरांचा असू शकेल म्हणूनच शास्त्रज्ञांना त्यांच्यात एवढा रस आहे. आता भीती जास्तीत जास्त धरू. हा सगळाच्या सगळा कृष्णपदार्थ नेमक्या चौदा हजार कोटी टनांच्या घातक कृष्णविवरांचा आहे असे समजू. आपल्या परिसरातील कृष्णपदार्थाची घनता आणि वेग शास्त्रज्ञांना अंदाजे ठाऊक आहे. गुणाकार-भागाकार केला की उत्तर येते : साऱ्या पृथ्वीतून असे एक कृष्णविवर सुमारे तेवीस कोटी वर्षांतून एकदा जाईल. नंदुरबार जिल्हा म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाचा जेमतेम लाखावा हिस्सा. तेव्हा या जिल्ह्याच्या वाट्याला ते साधारण दहा लाख कोटी वर्षांतून एकदा येईल. विश्वाचे वय आहे १,३८० कोटी वर्षे. एका माणसाच्या अंगातून जाण्याचा काळ काढायचा, तर या आकड्यापुढे आणखी नऊ-दहा शून्ये मांडावी लागतील.

मुलीने शून्ये मांडली. मग पेन ठेवले. तिच्या चेहऱ्यावरची भीती 'घाबरू नकोस' म्हटल्याने गेली नव्हती, ती शून्ये मोजताना गेली.

एक रात्र, सात तास

शक्यता नगण्य म्हणून शास्त्रज्ञ हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. हवाई बेटावरील सुबारू दुर्बिणीने २०१४ मध्ये एका रात्री सुमारे सात तास देवयानी दीर्घिकेवर नजर रोखली आणि दर दोन मिनिटांनी एक अशा जवळपास १९० प्रतिमा घेतल्या. वाटेत एखादे कृष्णविवर आले, तर त्याचे गुरुत्वाकर्षण भिंगासारखे काम करील आणि मागचा तारा क्षणभर उजळेल, ही त्यामागची कल्पना. कृष्णपदार्थ चंद्राहून हलक्या कृष्णविवरांचा असता, तर त्या रात्री असे हजारभर तारे उजळायला हवे होते. प्रत्यक्षात आढळला एक, आणि तोही संशयित. हा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या संशोधकांत सुरहुद मोरे आणि अनुप्रीता मोरे ही दोन मराठी नावे आहेत; पुढे पुण्याच्या आयुका संस्थेत या दोघांचे संशोधन चालू राहिले. याच आयुकाची उभारणी नारळीकरांनी १९८८ पासून केली.

या पद्धतीला मर्यादा आहे. लघुग्रहांएवढ्या वजनाची कृष्णविवरे आकाराने प्रकाशाच्या लहरीपेक्षाही लहान, त्यामुळे भिंगाची युक्ती तिथे चालत नाही. ती खिडकी अजून उघडी आहे. तिच्यासाठी अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये निराळा मार्ग सुचवला. मंगळाचे अंतर आपण अतिशय काटेकोरपणे मोजतो. एखादे कृष्णविवर मंगळाजवळून गेले, तर काही वर्षांत त्याची कक्षा मीटरभर सरकलेली दिसेल. आणि आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ज्या 'लायगो-इंडिया' प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले, त्या वेधशाळेच्या कानावर सूर्याहून हलक्या दोन कृष्णविवरांच्या टकरीची चाहूल आली, तर ती आदिमच असण्याचा दाट संशय घेता येईल, कारण ताऱ्याच्या मरणातून एवढी हलकी कृष्णविवरे होत नाहीत.

या साऱ्यांत एक शिस्त दिसते. 'असू शकेल' म्हटले की लगेच 'किती?' विचारायचे आणि ते मोजण्याचे साधन शोधायचे. बातमी होताना मात्र 'असू शकेल' तेवढे उरते आणि 'किती' गळून पडते.

आकडा गाळल्याची किंमत

त्याची किंमत आपण मोजली आहे. जिनिव्हाजवळचा महाकाय कणत्वरक १० सप्टेंबर २००८ रोजी सुरू झाला. त्यातील टकरीत सूक्ष्म कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी नष्ट होईल, अशा बातम्या आधी कित्येक दिवस दूरचित्रवाणीवर अहोरात्र चालू होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये शास्त्रज्ञांच्या समितीने साधे उत्तर दिले होते : अंतराळातून येणारे विश्वकिरण यापेक्षा जोरकस टकरी पृथ्वीवर अब्जावधी वर्षे घडवीत आहेत आणि पृथ्वी शाबूत आहे. हे उत्तर फार थोड्यांपर्यंत पोचले. सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशात, त्या बातम्या पाहून भेदरलेल्या सोळा वर्षांच्या एका मुलीने जीव दिल्याचे वृत्त तेव्हा देशभर छापून आले. त्या कणत्वरकाने कुणाला इजा केली नाही. आकडा गाळून सांगितलेल्या भीतीने केली.

हे मी ओट्यावर सांगत होतो तेव्हा मुलीची आजी दारात येऊन ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे डाकीनसारखंच शे. दिखस नही, पन जीव लेस."

त्या म्हातारीने एका वाक्यात विषय जिथे न्यायचा तिथे नेला. सातपुड्याच्या काही गावांत आजारपण आले, मूल दगावले, की न दिसणाऱ्या कारणाला चेहरा शोधला जातो आणि तो बहुधा एखाद्या एकट्या, म्हाताऱ्या बाईचा निघतो. तिला डाकीण ठरवतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते या प्रथेविरुद्ध तिथे वर्षानुवर्षे झगडत आहेत. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदाही झाला.

माझ्या नोकरीच्या काळातील एक प्रसंग आठवतो. अक्राणीकडचा एक खातेदार सारी मुदतठेव मुदतीआधी मोडायला आला होता. कारण विचारायचा मला तसा हक्क नव्हता, तरी विचारले. त्याचा मुलगा सारखा आजारी पडे. हातपाय ठणकत, डोळे पिवळे होत. गावाने याच्या विधवा मावशीवर ठपका ठेवला होता आणि तिला घेऊन तो गाव सोडून चालला होता. काही वर्षांनी तो तालुक्याच्या गावी भेटला. मुलाचे रक्त तपासले होते. त्याला सिकलसेल होता. तोवर मावशी परक्या गावात वारली होती.

सिकल म्हणजे विळा. आपल्या तांबड्या पेशी गोल, चपट्या असतात. रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतील फक्त सहावा दुवा बदलला, की प्राणवायू कमी पडताच पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, लवकर फुटते. त्यातून ठणका, पांडुरोग, कावीळ आणि वारंवार होणारा जंतुसंसर्ग. आई आणि बाप दोघांकडून हा बदललेला दुवा आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस 'वाहक' असतो. त्याला सहसा काही त्रास होत नाही, उलट हिवतापापासून थोडे संरक्षणच मिळते. म्हणूनच हिवतापाच्या जंगलपट्ट्यांत हा दुवा पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला आणि नंदुरबारमधील भिल्ल व पावरा वस्त्यांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो.

नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला आजार असण्याची शक्यता चारात एक. दहा लाख कोटीत एक नव्हे, चारात एक! आणि वाहकाला काहीच होत नसल्याने त्या दोघांना त्याचा पत्ताही नसतो. तो खातेदार मला म्हणाला होता, "पहिल्याला झाला तेव्हा आम्हाला वाटलं, चारातला एक होऊन गेला, आता पुढचे तीन सुटले." दुसरीलाही निघाला. शक्यतेचे गणित मागचा हिशेब ठेवत नाही. प्रत्येक बाळंतपणाला नाणे नव्याने उडते, हे त्याला कुणी वेळेवर सांगितले नव्हते. जिथे पदवीधर माणसेही 'चार वेळा हरलो, आता जिंकणारच' म्हणून सोडतीची तिकिटे घेतात, तिथे त्याला दोष कोण देणार?

इथे मोजमाप करायला सुबारू दुर्बीण लागत नाही. रक्ताचा एक थेंब आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी साधी चाचणी पुरते. संशय आला तर पुढची तपासणी. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर माणसाला आपली स्थिती सांगणारे कार्ड मिळते. पण कार्ड खिशात असणे आणि त्यावरच्या आकड्याचा अर्थ कळणे यांत अंतर आहे. लग्न ठरवताना दोन्ही घरांनी ती कार्डे शेजारी ठेवून पाहणे आणि दोघे वाहक निघाल्यास गरोदरपणात वेळेवर सल्ला घेणे, एवढी समज घरोघरी पोचली तर ती मोहीम खरी. सल्ल्याच्या नावाखाली मुलीलाच दोषी ठरवून लग्न मोडणे म्हणजे डाकिणीला नवा चेहरा देणे. दुवा दोन्हीकडून येतो.

कृष्णविवराच्या संशोधनावर खर्च कशाला, आधी दवाखाने बांधा, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. न दिसणाऱ्या गोष्टीला नाव न ठेवता, चेहरा न चिकटवता, ती मोजून पाहायची ही सवय दोन्हीकडे एकच आहे. अर्धी रात्र दुर्बिणीशी बसून हजाराच्या जागी एक मोजणारे संशोधक आणि सूक्ष्मदर्शकाखाली विळ्यासारखी पेशी शोधणारी तालुक्याची तंत्रज्ञ, ही एकाच घराण्यातली माणसे. आपल्या शाळांत विज्ञानाचे धडे आहेत, गणितात संभाव्यतेचा धडाही आहे. पण नाणी आणि फासे यांपलीकडे तो जात नाही. नंदुरबारच्या शाळेत तो धडा सिकलसेलच्या कार्डावर शिकवायला काय हरकत आहे?

त्या संध्याकाळी मुलीने वहीच्या एकाच पानावर दोन्ही आकडे लिहिले. वर एकापुढे ती शून्यांची आगगाडी, खाली नुसते 'चारात एक'. दोन्हींकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, मग ह्या खालच्याचा व्हिडिओ का नाही आला?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. तिच्या आजीने मात्र नातीला जवळ बोलावून विचारले, ती रक्ताची तपासणी कुठे करतात, आणि मोठ्या मुलीचे लग्न ठरण्याआधी ती करून घेता येईल का?